दाराला मजला कळत नाही

आमच्या इमारतीत सात मजले, एक लिफ्ट आणि एक तळमजल्याच्या काकू. काकूंचं आणि लिफ्टचं वाकडं आहे, हे मला इथे राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. चौथ्या मजल्यावरचं आमचं घर आम्ही त्यांच्याकडूनच घेतलं. नवरा गेल्यावर त्यांना चार खोल्या नकोशा झाल्या आणि त्या खालच्या दोन खोल्यांत आल्या. त्याआधीची पंधरा वर्षं त्या चौथ्या मजल्यावर राहिल्या आणि पंधराही वर्षं जिन्यानं चढल्या-उतरल्या. लोक म्हणायचे, बघा, तब्येत कशी राखलीय बाईंनी. तब्येतीचा काही संबंध नव्हता, पण ते मला कळायला चार वर्षं आणि एक जळलेला बोर्ड लागला.

मी औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदांची मुद्रितं तपासते. जो मजकूर जगात कुणी वाचत नाही तो मी दोनदा वाचते. या धंद्यानं मला दोन गोष्टी दिल्या: जाड चष्मा आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड. त्यामुळे काकूंच्या घरात मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांच्या खोक्यात ओळीनं उभ्या केलेल्या जुन्या फ्लॉपी. प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा.

"हे काय?" मी विचारलं.

"लिफ्टचे मेंदू," काकू म्हणाल्या आणि चहाचं भांडं उतरवायला आत गेल्या.

काकू एका लिफ्टच्या कंपनीत होत्या. कंपनी केव्हाच बंद पडली. तिथे सहा जणांचा एक विभाग होता आणि त्या विभागानं लिफ्ट चालवण्यासाठी स्वतःची एक भाषा तयार केली होती. तिला नाव द्यायचं राहूनच गेलं, सगळे तिला नुसतं 'आपली' म्हणायचे. आपलीत लिहिलंय, आपलीत चूक आहे, असं. पण लिफ्टच्या बोर्डवरच्या चिपला आपली कळायची नाही, तिला 'सी' नावाची दुसरी भाषा कळायची. म्हणून आपलीतला मजकूर सीमध्ये करून देणारा एक प्रोग्रॅम लागायचा, कंपायलर. तो काकूंनी लिहिला होता. भाषा कशी असावी ते त्यांच्या सरांनी ठरवलं, तिचं सी कसं व्हावं ते काकूंनी.

"मग सरळ सीमध्येच का नाही लिहायचं?" मी माझ्या अकलेप्रमाणे विचारलं.

"कारण सीमध्ये कुणीही कुणाच्याही घरात डोकावतं. दार मोटरचा आकडा बदलतं, मोटर दिव्याचा. चूक झाली की शोधत बसा, कुठे पाणी मुरतंय ते. आपलीत तसं नाही. फंक्शन म्हणजे प्रोग्रॅमचा एकेक तुकडा, त्याच्या हातात जे दिलं तेवढंच ते बघतं, आणि तेच दिलं तर दर वेळी तेच उत्तर देतं. इकडे तिकडे डोकवायचं नाही."

"म्हणजे माझ्यासारखं नाही."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

सरांना विभागात 'सोवळे' म्हणत. कंपायलरनं काढलेल्या सीला मनुष्याचा हात लागता कामा नये, हा त्यांचा नियम. चूक असेल तर आपलीत दुरुस्त करा आणि सी नव्यानं काढा. घाईघाईत कुणी सीमध्ये एक आकडा बदलला तर सर त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत. मग तुम्ही नोकरी का सोडलीत, असं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "बिनसलं." एवढंच. मी खनपटीला बसले, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

यंदा विजेचा काहीतरी झटका बसून लिफ्टचा बोर्ड जळला. सात मजल्यांची माणसं तीन आठवडे जिन्यानं. आमचे बाबा वॉकर घेऊन चालतात, म्हणजे ते तीन आठवडे घरातच. रोज संध्याकाळी समोरच्या बाकावर एक निवृत्त शिंपी त्यांची वाट बघत बुद्धिबळाचा पट मांडून बसायचा. तो खालून हात हलवायचा, बाबा खिडकीतून. लिफ्टच्या मेकॅनिकनं सांगितलं की बोर्ड नवा मिळेल पण त्यावर चढवायला प्रोग्रॅम नाही, अख्खी लिफ्टच बदला. तेव्हा तळमजल्याच्या काकूंनी बुटांचं खोकं खाली काढलं.

हीच लिफ्ट त्या कंपनीनं सगळ्यात आधी, नमुना म्हणून, काकूंच्याच इमारतीत बसवली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. फ्लॉपी क्रमांक एक. ती वाचणारं यंत्र मेकॅनिकनं कुठून तरी पैदा केलं. काकूंनी आपलीतून सी काढलं, ते नव्या चिपबरोबर आलेल्या तिच्या स्वतःच्या कंपायलरला दिलं आणि त्यानं 'इथे गडबड असेल' असे दोनशे बारा इशारे छापले. काकूंचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"काळजीचं आहे का?" मी म्हटलं.

"जुन्या चिपचे आकडे लहान, हिचे मोठे. एवढंच आहे सगळं. दोनशे बारा वेळा एकच तक्रार करतोय बिचारा."

चार दिवसांत काकूंनी आपला कंपायलर सुधारून इशारे शून्यावर आणले आणि पाचव्या दिवशी लिफ्ट चालली. काकू स्वतः काही आत गेल्या नाहीत. चाचणी करायला मला आणि मेकॅनिकला आत घालायच्या आणि आपण बाहेर स्टॉपवॉच घेऊन उभ्या. सगळे मजले बरोबर, दिवे बरोबर, घंटा बरोबर. शिंप्यानं पट मांडला.

बाबा लिफ्टमध्ये पहिलं पाऊल टाकत होते आणि दार बंद व्हायला लागलं. दाराला पट्टी आहे, काही लागलं की ते मागे हटतं. हटलंही. पण वॉकरला धक्का बसायचा तो बसलाच आणि बाबा जागीच खाली बसले. लागलं काही नाही. मी त्यांना उठवलं तर ते मागे वळून थेट घरात.

"आधी हे दार थांबायचं," ते म्हणाले. "आता थांबत नाही."

मेकॅनिकनं मान हलवली. सहा सेकंद, सगळ्या मजल्यांना सारखे, त्यानं स्वतः मोजले होते. म्हाताऱ्या माणसांना आधीचं सगळंच बरं वाटतं, असं तो मला हळूच म्हणाला, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. पण बाबा काही केल्या खाली जाईनात. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी बरा आहे घरात, म्हणायचे. चौथ्या दिवशी त्यांनी खिडकीतून हात हलवायचंही सोडलं.

त्यातच शुक्रवारी सरकारी निरीक्षक येणार होता. तो बोर्डला सील लावणार. एकदा सील लागलं की वर्षभर प्रोग्रॅममध्ये काडीचा बदल करता येत नाही. आज होता सोमवार.

मी माझ्या फोनमध्ये शोधत बसले आणि सापडलं. आम्ही या घरात आलो त्या दिवशीचा व्हिडिओ: चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबते, दार उघडतं, बाबा वॉकर घेऊन सावकाश बाहेर येतात, कॅमेऱ्याकडे बघून हात करतात, आणि दार अजून उघडंच. बटणाजवळ कुणी नाही. मी फोन घेऊन तळमजल्यावर गेले. काकूंनी स्टॉपवॉच लावलं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं.

"चौदा," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे बाबा खरं बोलत होते."

"अगं, फ्लॉपीत सहा लिहिलंय. सहाचे चौदा मधल्या मधे झाले असतील तर ते कंपायलरनं केले. म्हणजे मी केले." त्यांनी बुटांच्या खोक्याकडे बघितलं. "एकतीस लिफ्ट आहेत माझ्या कंपायलरच्या. आज दार चुकलं म्हणून कळलं. ब्रेकचा आकडा चुकला असता तर?"

त्या घाबरल्या होत्या. त्यांना मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. म्हणून मी तेच केलं जे मला येतं. मी विचारलं, "जुनं सी कुठे मिळेल का, छापलेलं?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. निरीक्षकांना आपली वाचता यायची नाही. म्हणून कंपनीचा शिरस्ता होता की बोर्डवर जे सी चढवलं, तेच छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत लिफ्टच्या कपाटात ठेवायचं. मेकॅनिक गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला आणि पिशवी घेऊन आला. त्रेसष्ट पानं, कडा पिवळ्या, एकाही निरीक्षकानं उघडल्याची खूण नाही.

काकूंनी जुनाच कंपायलर, जसा होता तसा, फ्लॉपीवर चालवला आणि नवी त्रेसष्ट पानं छापली. "तोच मजकूर, तोच कंपायलर. तेव्हा सीसुद्धा तेच यायला हवं. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये."

मग मंगळवारी सकाळी आम्ही बसलो. माझ्या धंद्यात याला एकच रीत: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पट्टी धरून बघायचं. काकू वाचत होत्या नवं, कंस, स्वल्पविराम, सगळं. मी पट्टी सरकवत होते जुन्यावर. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण औषधांच्या कागदातलं तरी कुठे कळतं. कंपायलरनं ठेवलेली नावंही सगळी आकड्यांची: त बारा, त तेरा, त एकशे चार. माणसाला वाचायला म्हणून ते लिहिलेलंच नव्हतं. दहा पानांनंतर त्याची लय लागली. त्रेसष्टातली चाळीस पानं आम्ही अशीच उतरलो आणि एक टिंब चुकलं नाही.

एक्केचाळिसाव्या पानावर काकूंनी एक ओळ वाचली आणि माझ्या पट्टीखाली दुसरीच ओळ होती.

"माझ्याकडे एक ओळ जास्त आहे," मी म्हटलं.

काकू उठून माझ्या मागे आल्या. ती ओळ त्यांनी वाचली. मजला चार असेल तर थांबण्याची वेळ चौदा, असा तिचा अर्थ.

"दाराचं फंक्शन आहे हे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "याला मजला दिलेलाच नाही. माझ्या कंपायलरनं हा कुठून आणला?"

"तुमच्या कंपायलरनं नाही आणला," मी म्हटलं. "ही ओळ माणसानं लिहिलीय."

"कशावरून?"

"बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडलीय. चाळीस पानं तुमचं मशीन सगळं चिकटवून लिहितंय, एकदाही श्वास घेत नाही. इथे एकदम ऐसपैस."

काकूंनी पानावर बोट ठेवलं. चिन्हाच्या अलीकडे, मग पलीकडे. बराच वेळ त्यांनी बोट उचललं नाही.

"सहा जणांत एकटेच सोडायचे जागा," त्या म्हणाल्या. "आम्ही चेष्टा करायचो. कागद काय तुमच्या वडिलांनी ठेवलाय का, म्हणायचो."

"कोण?"

"सर."

मग ते बिनसलेलं बाहेर आलं. काकूंचे यजमान चित्रकलेचे शिक्षक. लिफ्ट बसत होती त्याच वर्षी ते आजारातून उठले आणि काठीवर आले. आमच्या दारामागे एक हूक आहे, मी त्यावर छत्री लावते. तो त्यांच्या काठीचा. काकूंनी मोजलं होतं, घराच्या उंबऱ्यापासून लिफ्टच्या आत पोचायला त्यांना बारा सेकंद लागायचे. त्या सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, चौथ्या मजल्यावर दार चौदा सेकंद थांबू द्या. पण आपलीत दाराच्या फंक्शनला मजला ठाऊक नव्हता. त्याला तो द्यायचा तर त्याला बोलावणाऱ्या फंक्शनला आधी द्यायला हवा, त्याला बोलावणाऱ्यालाही, असं करत थेट वरपर्यंत. लिफ्ट दोन दिवसांत सुरू करायची होती. मग सीमध्ये एक ओळ घालते, असं काकू म्हणाल्या. सर म्हणाले, सीला हात लावायचा नाही. आणि म्हणाले, दाराला मजला कळायची गरज नाही.

"माझा नवरा दारात अडकणार आणि हा माणूस मला हे सांगतोय. मी महिन्याभरात राजीनामा दिला. त्यानंतर एक शब्द बोलले नाही त्यांच्याशी. आणि त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं नाही."

"पण काका तर लिफ्टनंच जायचे ना?"

"ते जायचे. रोज. मी जिन्यानं, ते लिफ्टनं, खाली भेटायचो. एकदा म्हणाले होते मला, तुमच्या सरांनी दार बरं केलंय हं, सावकाश आहे. मी दोन दिवस त्यांच्याशीही बोलले नाही."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे चष्मा पुसावा लागला. सीला हात लावला म्हणून लोकांशी अबोला धरणारा तो सोवळा माणूस, त्यानं कुणाला न सांगता आपलाच नियम मोडला होता. तोही छापून कपाटात ठेवला, कारण जे चढवलं तेच छापायचं हा दुसरा नियम त्याला मोडवला नाही.

"मग आता काय, ही ओळ पुन्हा घालायची?" मी विचारलं. "दोन मिनिटांचं काम."

"नाही," काकू म्हणाल्या. "उद्या कुणी नव्यानं सी काढलं की पुन्हा गायब होईल. आता झालं तसंच. आपलीतच करते. तुझ्याकडे चहापत्ती आहे का? माझी संपलीय."

मंगळवार दुपार, बुधवार आणि गुरुवार सकाळ. काकू मजल्याचा आकडा एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे देत दारापर्यंत नेत होत्या. एके ठिकाणी घोडं पेंड खात होतं. मजला कधी शून्यापासून मोजलेला, कधी एकापासून, आणि त्यामुळे दार तिसऱ्या मजल्यावर चौदा सेकंद थांबायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना ते फार आवडलं. तेही निस्तरलं. गुरुवारी काकूंनी वहीत ज्या ज्या फंक्शनला हात लावला त्यांची नावं लिहिली आणि मोजली. अकरा.

शुक्रवारी निरीक्षक आला. त्यानं दारं मोजली, चौथ्या मजल्यावर पुन्हा मोजली आणि हे वेगळं का, असं विचारलं. काकूंनी त्याच्यापुढे नवी छापील पानं ठेवली. त्यानं पहिलं पान उघडलं, मिटलं, सील लावलं. बाबा अर्ध्या तासानं वॉकर घेऊन निघाले. दारापाशी ते मुद्दाम थांबले, जणू त्याची परीक्षा बघत होते. दार उघडंच राहिलं. शिंपी खालून ओरडला की आज पांढरी प्यादी माझी.

मी तळमजल्यावर काकूंकडे गेले, तर त्या फोन समोर ठेवून बसल्या होत्या. नंबर पाठ होता, एकोणीस वर्षांनीही. तो बदलला नसावा अशी आशा होती आणि बदलला असावा अशीही, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस. तू नाहीतरी दाराबाहेरून ऐकणारच." आणि त्यांनी स्पीकर लावला.

पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला. काकूंनी आपण कोण ते सांगितलं.

"बोल," सर म्हणाले.

"पहिली लिफ्ट नव्या बोर्डवर चढवली. एक्केचाळिसाव्या पानावर एक ओळ सापडली, सर. माणसानं लिहिलेली."

"असं कसं होईल? सीला हात लावायचा नसतो."

"तेच म्हणते मी."

"निरीक्षकानं केलं असेल."

"हो, तसंच असेल," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या. "आता मी ती आपलीत घातली, रीतसर. दाराला मजला कळतो."

"वा," सर म्हणाले. "म्हणजे अकरा फंक्शनना हात लावावा लागला असेल."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आकडा त्यांनी सांगितला नव्हता. वही माझ्या मांडीवर होती.

"मोजली होतीत तुम्ही?"

"दोनदा. पण दोन दिवसांत होण्यासारखं नव्हतं ते." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "तुझे मिस्टर कसे आहेत?"

"गेले. चार वर्षं झाली."

पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"सर, ते शेवटपर्यंत लिफ्टनंच खाली जायचे," काकू म्हणाल्या. "एकदाही दार लागलं नाही त्यांना."

"बरं," सर म्हणाले. मग पुन्हा एकदा, "बरं."

फोन ठेवून काकूंनी तोंडावर पाणी मारलं आणि चहापत्तीचा डबा माझ्या हातात दिला, परत करायला म्हणून. मी म्हटलं, चला वर, चहा आपल्याकडेच घेऊ. मी त्यांच्यासोबत म्हणून सवयीनं जिन्याकडे वळले आणि दोन पायऱ्या चढून मागे बघितलं, तर त्या मागे नव्हत्या. लिफ्टचं बटण पेटलेलं होतं.

मी धावत चार मजले चढले, कारण मला बघायचं होतं. धापा टाकत पोचले तेव्हा दार उघडलेलं होतं आणि काकू आत मधोमध उभ्या होत्या, ओठ हलवत. त्या मोजत होत्या. तेरापर्यंत मोजून त्या बाहेर आल्या.